बियांपासून बर्चचं बोन्साय : थंड मुलखात राहणाऱ्यांसाठी पहिल्या काही वर्षांची वाट

बोन्साय करणारी जुनी माणसं बर्चला जरा बिचकूनच असतात. मुख्य कारण हे की या झाडाची मोठी जखम नीट भरत नाही. वडाची किंवा उंबराची अंगठ्याएवढी फांदी कापली तरी सालीची कड हळूहळू पुढे सरकते आणि जागा झाकून टाकते. बर्चला ते जमत नाही. कापलेल्या जागेतून कुज आत शिरते आणि काही वर्षांनी त्या बाजूचं खोड खालपर्यंत वाळलेलं आढळतं. नर्सरीतून मोठं झाड आणायचं आणि ते कापून लहान करायचं ही बोन्सायची नेहमीची पद्धत बर्चच्या बाबतीत म्हणूनच धोक्याची आहे.

बियांपासून सुरुवात केली तर मोठी जखम करायची वेळच येऊ न देणं तुमच्या हातात राहतं. पहिल्या वर्षापासून शेंडे नखाने खुडत गेलात तर करवत कधी लागत नाही. वेळ लागतो हे खरं. चार-पाच वर्षांनी कुठे झाडासारखं काही दिसायला लागतं. पण बी फुकट मिळतं, भरपूर मिळतं, आणि बर्च झपाट्याने वाढतो, त्यामुळे नव्या माणसाला दरवर्षी काहीतरी घडताना दिसतं. बियांपासून बोन्साय शिकायला थंड देशात यापेक्षा चांगलं झाड मला माहीत नाही.

मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहते. खाली दिलेले महिने इथल्या हवेचे आहेत. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत असाल तर आपापल्या थंडीप्रमाणे दोन-चार आठवडे मागेपुढे करा.

सुरुवातीलाच दोन अटी

पहिली अट: हे झाड बारा महिने घराबाहेर राहणार. बोन्साय म्हटलं की आपल्याला दिवाणखान्यातलं टेबल आठवतं, आणि भारतातून नवीन आलेल्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. बर्चला हिवाळ्यात पानं गाळून झोपावं लागतं. हीटर चालू असलेल्या खोलीत त्याला ती झोप मिळत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत झाड संपतं. अंगण, बाल्कनी, निदान उघडा जिना, यांपैकी काहीतरी हवं, आणि तिथे दिवसाचे चार-पाच तास ऊन हवं.

दुसरी अट: उन्हाळ्यात पाणी घालायला कुणीतरी हवं. शाळांच्या सुट्ट्या लागल्या की आपल्यातली बरीच कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार आठवडे भारतात जातात. नेमका तोच काळ बर्चला सगळ्यात जास्त पाणी लागण्याचा असतो. शेजाऱ्यांना सांगून ठेवा किंवा टायमरवर चालणारं ठिबक बसवा. डिसेंबरात गेलात तर फारशी काळजी नाही, तेव्हा झाड झोपलेलं असतं.

लागणारं साहित्य

हे सगळं एकदम विकत आणू नका. पहिल्या वर्षाला इतकंच पुरतं:

- कागदी पाकिटं आणि शिसपेन्सिल (बी ठेवायला आणि नावं घालायला, शाईचं पेन पाण्याने पुसलं जातं)
- झिपची छोटी पिशवी, थोडी धुतलेली बारीक वाळू
- तळाला भोकं असलेला उथळ ट्रे आणि त्यावर बसणारं पारदर्शक झाकण
- बी पेरण्याचं पीटविरहित (म्हणजे दलदलीतून खणून काढलेली माती न घातलेलं) कंपोस्ट, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे), चाळणी
- बारीक फवारा देणारी बाटली
- ९ सेंटिमीटरच्या कुंड्या, आइस्क्रीमची काडी

दुसऱ्या वर्षापासून पुढे धारदार छाटणीची कात्री, १ ते २ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार, तार कापायचा चिमटा, जखमेला लावायची पेस्ट आणि बोन्सायची दाणेदार माती लागेल. जपानी हत्यारांचा महागडा संच मात्र या झाडाला अजिबात लागत नाही. ती हत्यारं मोठ्या फांद्या खोलगट कापण्यासाठी असतात, आणि मोठ्या फांद्या आपण कापणारच नाही.

१. कुठला बर्च निवडायचा

ब्रिटनमध्ये आणि युरोपात सर्वत्र दिसतो तो सिल्व्हर बर्च. पांढरी साल, खाली लोंबणाऱ्या बारीक फांद्या. फिनलंडचं हे राष्ट्रीय झाड. त्याचाच भाऊबंद म्हणजे डाउनी बर्च, जो ओलसर, दलदलीच्या जागी जास्त आढळतो. दोघांतला फरक ओळखायला कोवळी डहाळी बोटांत फिरवून पाहा. सिल्व्हर बर्चच्या डहाळीवर खरखरीत बारीक पुळ्या लागतात, डाउनीच्या डहाळीवर मऊ लव असते. दोन्ही चालतात, पण नवख्याने सिल्व्हर बर्च घ्यावा. त्याची फांदी जास्त नाजूक होते आणि पान मुळातच लहान असतं, त्यामुळे बोन्सायमध्ये पान लहान करण्याची वेगळी खटपट करावी लागत नाही.

इंग्लंडमधल्या बागांत अगदी दुधासारखी पांढरी साल असलेला बर्च दिसतो, तो हिमालयातला, म्हणजे आपला भोजवृक्ष. भूर्जपत्रं याच्या सालीची. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ठेवलेलं गणिताचं बखशाली हस्तलिखित भूर्जपत्रांवरच लिहिलेलं आहे. मनाने कुणालाही याचीच ओढ वाटेल, मलाही वाटते. पण एक लक्षात घ्या. बागांमधली ही झाडं बहुधा कलमं असतात, निवडक पांढऱ्या झाडाची. त्यांच्या बियांपासून तितकीच पांढरी साल येईल याची खात्री नसते, कारण बर्चचे प्रकार वाऱ्यावर एकमेकांत सहज मिसळतात. थोडी रोपं हौसेने करावीत, भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

अमेरिकेच्या उष्ण भागात असाल तर रिव्हर बर्च घ्या. उकाडा तो बराच सहन करतो. त्याचं बी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पिकतं आणि ताजं पेरलं तर थंडी न देताही उगवतं, म्हणजे खालची चौथी पायरी तुम्हाला नाही.

बी शक्यतो जवळपासच्या झाडाचं घ्या. बर्च दिवसाच्या लांबीवरून वाढ कधी थांबवायची हे ठरवतो. लांब उत्तरेकडचं बी दक्षिणेत पेरलं तर रोप उन्हाळा संपायच्या आधीच वाढ थांबवून बसतं.

२. बी गोळा करणं

ऑगस्टच्या अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बर्चच्या फांद्यांना बोटाच्या पेराएवढे लोंबते तुरे दिसतात. हिरवे असताना तोडू नका. तपकिरी व्हायला लागले, आणि चिमटीत धरून दाबल्यावर भुगा होऊ लागला, की बी तयार. फार उशीर केला तर तुरा झाडावरच विस्कटतो आणि बी वाऱ्यावर जातं. हिवाळ्यात सिस्किन आणि रेडपोल या लहान पक्ष्यांचे थवे बर्चवर उतरतात ते याच बियांसाठी.

कुठल्या झाडाचं बी घ्यायचं हे महत्त्वाचं आहे. एकटं उभं असलेलं झाड टाळा. बर्च स्वतःच्या परागांनी सहसा फळत नाही. आसपास दुसरा बर्च नसेल तर तुरे भरघोस दिसतात, पण आतलं बी पोकळ निघतं. दहा-वीस झाडं एकत्र असतील तिथे जा आणि तीन-चार झाडांचे तुरे घ्या.

कायद्याचंही पाहा. ब्रिटनमध्ये रानातलं बी घरगुती वापरापुरतं वेचायला सहसा हरकत नसते, पण जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी रोप मुळासकट उपटणं १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टनुसार गुन्हा आहे. रेल्वेरुळांच्या कडेला बर्चची शेकडो रोपं उगवलेली दिसतात आणि मोह होतो. ती घेऊ नका. संरक्षित क्षेत्रात तर बी वेचण्याआधीही विचारा. दुसऱ्या देशात असाल तर तिथला नियम आधी पाहून घ्या.

तुरे घरी आणून कागदावर पसरा आणि आठवडाभर सावलीत वाळू द्या. खिडकी बंद ठेवा, नाहीतर बी घरभर उडतं.

३. बी आणि कचरा वेगळा ओळखणं

वाळलेला तुरा चुरडला की त्यातून दोन प्रकारचे तुकडे पडतात. एक तीन टोकांचा, पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसणारा. तो नुसता खवला, बी नव्हे. दुसरा अगदी लहान, मध्ये तपकिरी ठिपका आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक पडदा. हे बी. खवला आकाराने मोठा आणि देखणा असल्यामुळे नवखी माणसं हौसेने खवलेच पेरतात आणि महिनाभर ट्रेकडे बघत बसतात.

बी पोकळ आहे की भरलेलं, हे पाहायला मोबाइलचा टॉर्च लावा, त्यावर पांढरा कागद धरा आणि कागदावर बी पसरा. भरलेल्या बीचा मधला भाग गडद दिसतो, पोकळ बीतून उजेड आरपार येतो. अर्ध्याहून अधिक बी पोकळ निघालं तरी नवल नाही. एकेक निवडत बसायची गरज नाही, फक्त अंदाज घ्या आणि त्या मानाने जास्त पेरा. वीस रोपं हवी असतील तर दोन-तीनशे बी टाका. एका ग्रॅममध्ये हजारो बी मावतात, त्यामुळे हात आखडायचं कारण नाही.

४. थंडी देणं

रानात बी पानगळीत पडतं, हिवाळाभर ओल्या जमिनीवर राहतं आणि वसंतात उगवतं. हा हिवाळा आपण त्याला द्यायचा. दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग: डिसेंबर-जानेवारीत सरळ ट्रेमध्ये पेरा आणि ट्रे बाहेर ठेवा. वर बारीक जाळी लावा, म्हणजे पक्षी आणि खारी उकरणार नाहीत. पाऊस, बर्फ, दव, सगळं होऊ द्या. एप्रिलमध्ये उगवेल.

दुसरा मार्ग फ्रिजचा. बी एक दिवस पाण्यात भिजवा, निथळा, मूठभर ओलसर वाळूत मिसळा आणि झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तापमान ३ ते ५ अंश. वाळू मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये, फक्त ओल जाणवावी. चार आठवडे किमान, सहा ते आठ उत्तम. दर आठवड्याला पिशवी उघडून हवा खेळू द्या आणि बुरशीचा वास येतो का पाहा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, तिथल्या कडक थंडीत भिजलेलं बी मरू शकतं. पिशवीवर तारीख आणि झाडाचं नाव लिहा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ती ओली माती समजून फेकून देतं.

मार्चच्या सुरुवातीला पेरायचं असेल तर जानेवारीच्या मध्यावर फ्रिजमध्ये घाला.

५. पेरणी : बी झाकू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. बर्चचं बी मातीखाली पुरायचं नाही.

यामागचं कारण झाडाच्या स्वभावात आहे. हिमयुग ओसरल्यावर उघड्या पडलेल्या उत्तर युरोपात जी झाडं सर्वांत आधी पोचली त्यांत बर्च होता. आजही आग लागून गेलेल्या माळावर, तोडलेल्या जंगलात, पडीक जागेत तो पहिला येतो. त्याचं बी इतकं बारीक असतं की खोलातून वर यायला लागणारा साठाच त्याच्यात नसतो. म्हणून ते उजेडाची वाट पाहतं. थंडी मिळालेल्या बीला उजेडाची गरज कमी होते, पण खोलीचा अडथळा तसाच राहतो. आपल्या हाताला मेथी-कोथिंबीर पेरून वर माती सारायची सवय असते. ती इथे सोडावी लागते.

कंपोस्ट चाळून घ्या, त्यात एक तृतीयांश परलाइट मिसळा. ट्रे भरून पृष्ठभाग फळीने हलका दाबा. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या, मग काढून निथळू द्या. आता बी वाळूसकट वरून पसरा आणि हाताने हलकं दाबा, म्हणजे ते मातीला चिकटेल. हवं तर वरून चिमूटभर बारीक वाळू भुरभुरवा, बी अर्धवट दिसत राहील इतपतच. झाकण लावा. उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. १५ ते २० अंशांत दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतील.

या काळात पृष्ठभाग एकदाही सुकता कामा नये. वरून झारीने पाणी घातलंत तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं, त्यामुळे फवारा द्या किंवा खालून पाणी पाजा.

६. पहिले सहा आठवडे

उगवलेलं रोप पाहिल्यावर विश्वास बसत नाही की हे पुढे वीस मीटरचं होणारं झाड आहे. दोन पानं मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि देठ दोऱ्यासारखा. या अवस्थेत सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. रात्रीत रोपं मातीपाशी बारीक होऊन आडवी होतात आणि एका कोपऱ्यातून सुरू झालेली ही मर दोन दिवसांत अख्खा ट्रे संपवते. उगवण झाली रे झाली की झाकण आधी थोडं उघडा, आठवड्याभरात पूर्ण काढा. वारा खेळता ठेवा. संध्याकाळी पाणी देऊ नका. एका कोपऱ्यात मर दिसली तर तिथली रोपं मातीसकट काढून टाका, वाचवायला जाऊ नका.

खरी पानं, म्हणजे कातरलेल्या कडांची, दोन-तीन आली की एकेक रोप वेगळ्या कुंडीत हलवा. आइस्क्रीमच्या काडीने खालून माती सैल करा आणि रोप पानाला धरून उचला. देठाला धरू नका. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर रोप गेलं.

याच वेळी मुळं पाहा. मधलं मूळ लांब, सरळ खाली गेलेलं असेल तर त्याचं टोक नखाने खुडा, म्हणजे बाजूची मुळं फुटतील. पुढे उथळ कुंडीत झाड बसवायचं तर मुळं चारी बाजूंना पसरलेली हवीत, आणि ते पसरणं आत्ताच ठरतं. लावताना मुळं बोटाने फाकवून ठेवा. पहिला महिना खत नको. नंतर पातळ, निम्म्या ताकदीचं द्रवखत पंधरवड्याने एकदा.

उशिराचे हिमकण इथे मेच्या मध्यापर्यंत पडू शकतात. रोपं बाहेर काढताना आधी दिवसा बाहेर, रात्री आत, असं आठवडाभर करा.

७. पहिला हिवाळा

पानगळीत रोपाची पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. मोठं बर्च झाड जमिनीत कडाक्याची थंडी सोसतं, पण कुंडीतली मुळं चारी बाजूंनी उघडी असतात. कुंड्या टेबलावर न ठेवता जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा आणि भोवती सुकी पानं किंवा सालीचं आच्छादन घाला. माती अगदी कोरडी होऊ देऊ नका. न तापवलेलं गॅरेज चालतं, झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस डोळे फुगायला लागले की उजेडात आणा.

८. दुसरं ते चौथं वर्ष : वाढू द्या, पण लगाम हातात ठेवा

लहान कुंडीत खोड जाड होत नाही, हा बोन्सायचा पहिला नियम. दुसऱ्या वसंतात रोपं जमिनीत, किंवा जमीन नसेल तर तळ्यातल्या रोपांसाठी मिळणाऱ्या जाळीदार टोपलीत लावा. जमिनीत लावताना खाली एक फरशी ठेवली तर मुळं खाली न जाता बाजूला पसरतात.

इतर झाडांमध्ये खोड जाड करायला एक फांदी वर्षानुवर्षं मोकाट वाढू देतात आणि शेवटी कापून टाकतात. बर्चला हे करू नका. त्या एका कापाची जखम झाड आयुष्यभर भोगतं. त्याऐवजी खालच्या भागात तीन-चार बारीक फांद्या ठेवा आणि त्यातली कुठलीही पेन्सिलीएवढी जाड व्हायच्या आत काढा. खोड जाड व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण निरोगी राहील. आणि बर्चचं सौंदर्य तसंही जाडीत नाही. सडपातळ, किंचित झुकलेलं खोडच त्याला शोभतं.

खोडाला वळण द्यायचं ते दुसऱ्या वर्षीच. तेव्हा ते बोटाने वाकतं. अ‍ॅल्युमिनियमची तार सैल हाताने गुंडाळा, हलके वळण द्या, आणि उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी तपासा. बर्च वेगाने जाड होतो आणि त्याची साल पातळ असते. तार रुतली तर तिचा वळ पुढे पांढऱ्या सालीवर वर्षानुवर्षं दिसत राहतो. काढताना उलटी उकलू नका, चिमट्याने तुकडे करून काढा.

९. छाटणी

इथे वेळ चुकली की झाड रडतं, अगदी शब्दशः. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बर्चच्या खोडात रस जोरात चढत असतो. फिनलंड आणि रशियात याच दिवसांत खोडाला भोक पाडून तो रस पिण्यासाठी काढतात. तेव्हा फांदी कापली तर जखमेतून दिवसेंदिवस पाणी गळत राहतं. म्हणून बाकीच्या झाडांची छाटणी हिवाळा संपताना करत असाल, तर बर्चला त्या यादीतून वगळा. त्याची छाटणी उन्हाळ्यात, पानं पूर्ण उघडून गडद आणि टणक झाल्यावर, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत.

रीत अशी. नव्या फांदीवर पाच-सहा पानं आली की दोन पानं ठेवून पुढचा भाग कापा. बर्चची पानं एकाआड एक बाजूंना येतात आणि नवा फुटवा शेवटच्या उरलेल्या पानाच्या बेचक्यातून, त्या पानाच्या दिशेने निघतो. त्यामुळे फांदी जिकडे जायला हवी त्या बाजूच्या पानावर कापा. आत, खोडाकडे तोंड केलेल्या पानावर कापलंत तर फांदी आत वळते.

बर्चचा सगळा जोर शेंड्याकडे. वरच्या फांद्या वारंवार खुडा, खालच्यांना मोकळीक द्या. असं केलं नाही तर दोन वर्षांत खालच्या फांद्या सावलीने दुबळ्या होतात आणि सुकतात, आणि जुन्या, उघड्या लाकडातून बर्च सहसा नवा फुटवा देत नाही. गेलेली फांदी परत येत नाही. आतल्या डहाळ्यांना ऊन मिळावं म्हणून उन्हाळ्यात बाहेरची काही मोठी पानं काढा, सगळी पानं मात्र कधीच काढू नका. मेपलला ते चालतं, बर्चला नाही.

एखादी चांगली फांदी काही कारण न दिसता वाळेल. बर्चमध्ये असं होतं. म्हणून सुरुवातीला हव्यात त्यापेक्षा जास्त फांद्या ठेवा आणि एकाच फांदीवर सगळी रचना उभी करू नका.

१०. कुंडी, आणि बर्चचं बन

चौथ्या-पाचव्या वर्षी डोळे फुगले पण उघडले नाहीत अशा वेळी, मार्चच्या आसपास, झाड उथळ कुंडीत घ्या. मुळांचा तिसरा हिस्सा कमी केला तर पुरे. माती दाणेदार, पाणी झटकन खाली जाणारी, तरीही ओल धरणारी हवी. मी अकादामा (जपानची दाणेदार माती) दोन भाग, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र खडा) एक भाग आणि बारीक केलेली पाइनची साल एक भाग घेते. मुळांवर पांढरी बुरशीची जाळी दिसली तर धुऊन टाकू नका. बर्चचं काही बुरशींशी सख्य असतं, त्या मुळांना पाणी आणि क्षार मिळवून देतात. त्यातली थोडी जुनी माती नव्या मातीत मिसळा. तरुण झाडाची कुंडी दर दोन वर्षांनी बदला.

एकेकट्या झाडापेक्षा बन करा, हा माझा आग्रहाचा सल्ला. बर्च रानात घोळक्याने वाढतो, आणि तुमच्याकडे बियांपासूनची भरपूर रोपं आहेतच. बनात जाड खोड लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षीच ते करता येतं, आणि एक झाड गेलं तरी चित्र मोडत नाही. पाच, सात किंवा नऊ रोपं घ्या. सगळ्यात उंच आणि जाड ते मधोमध न ठेवता एका बाजूला, थोडं पुढे. बारीक रोपं मागे आणि कडेला, म्हणजे खोली वाटते. कुठलीही तीन झाडं एका सरळ रेषेत येऊ देऊ नका आणि अंतरं सारखी ठेवू नका. उथळ ताटासारख्या कुंडीच्या भोकांतून तार वर घेऊन मुळं बांधून टाका, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात सगळं हलतं. वरून मॉस लावा. कडेच्या झाडांच्या फांद्या बाहेरच्या बाजूला ठेवा, आतल्यांच्या खालच्या फांद्या लहान असतानाच काढा.

साल लगेच पांढरी होणार नाही. पहिली काही वर्षं खोड तांबूस तपकिरी असतं. पांढरा रंग सालीत साठणाऱ्या बेट्युलिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते साठायला वय लागतं. साल सोलून आतून पांढरं काढायचा प्रयत्न करू नका. कागदासारखी आपोआप सुटणारी पापडी तेवढी मऊ ब्रशने काढा.

पाणी, खत आणि किडी

बर्च तहानलेलं झाड आहे. उन्हाळ्यात रोज, कडक उन्हात दोनदा पाणी. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं नळाचं पाणी चुनखडीचं, जड असतं आणि बर्चला किंचित आम्लधर्मी माती आवडते. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तर समजा की चुना जास्त झाला. पावसाचं पाणी पिंपात साठवा, तेच द्या. खत पानं टणक झाल्यावर सुरू करून ऑगस्टपर्यंत. वसंताच्या सुरुवातीलाच जास्त नत्र दिलं तर पेरं लांब पडतात आणि पानं मोठी होतात.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. ऑगस्टनंतर पानांखाली केशरी-पिवळी पूड दिसली तर तो तांबेरा. गळलेली पानं उचलून फेका, झाड त्याने सहसा मरत नाही. खरा घातक तो सोंड्या भुंगा, इथे ज्याला व्हाइन वीव्हिल म्हणतात. पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसल्या की सावध व्हा. मोठा भुंगा पानं खातो तेवढ्याने बिघडत नाही, पण त्याची अळी हुमणीसारखी मातीत राहून मुळं कुरतडते आणि झाड वसंतात अचानक उचललं जातं, खाली मूळच नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात कुंडीत सूत्रकृमींचं (अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म किड्यांचं) जैविक औषध पाण्यातून सोडा. रात्री टॉर्च घेऊन भुंगे वेचता येतात, ते उडत नाहीत.

परागाची अ‍ॅलर्जी असलेले लोक विचारतात की हे झाड घरी लावावं का. उत्तर युरोपात बर्चचा पराग वसंतात खूप जणांना त्रास देतो. पण बियांपासूनचं झाड फुलायला बरीच वर्षं घेतं, आणि शेंडे खुडलेलं तर आणखी. पुढे कधी लोंबते तुरे आलेच तर हिवाळ्यातच खुडून टाका.

भारतात लावता येईल का?

पुणे, नाशिक, नागपूरला नाही. महाबळेश्वरलाही नाही. बर्चला झोपायला लागणारी दीर्घ थंडी तिथे मिळत नाही. भोजवृक्ष हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर वाढतो. गंगोत्रीहून गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाचं नावच त्यावरून पडलं आहे. गावी बियांपासून बोन्साय करायची हौस असेल तर चिंच, उंबर, पिंपळ घ्या. छाटणीच्या बाबतीत ती कितीतरी उदार आहेत.

सुट्टीत जाताना बॅगेत बी घालून नेऊ नका. २००३च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे भारतात बी-रोपं आणायला आयातीचा परवाना आणि निघण्याच्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. तिकडून युरोपात किंवा ब्रिटनमध्ये बी आणतानाही असं प्रमाणपत्र मागतात. उरलेलं बी नीट वाळवून हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी पेरता येतं, आणि त्याच गावातल्या दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर कागदपत्रांची गरज पडत नाही.